वरीलपैकी सर्व

टळटळीत दुपार, जेवणाची सुट्टी नुकतीच संपलेली, आणि ऑनलाइन चाचणीतल्या तिसऱ्या प्रश्नाचा पहिलाच पर्याय असा : 'वरीलपैकी सर्व'.

वर आहे काय? वर प्रश्न. त्याच्याही वर चाचणीचं नाव. मुलांनी शेजारच्याच्या पडद्यात डोकावू नये म्हणून गूगल फॉर्ममध्ये पर्यायांचा क्रम बदलण्याची सोय चालू केलेली असते. फॉर्म इमानदार. तो पत्ते पिसल्यासारखे चारही पर्याय पिसतो. तळाला बसायची रीत असलेला हा एक पर्याय आहे, हे त्याला कोण सांगणार? 'अ आणि क दोन्ही' या पर्यायाची गत तर आणखी वाईट, कारण अ कुठला नि क कुठला, हेच प्रत्येक मुलापुढे वेगळं. ही सोय प्रश्नागणिक चालू-बंद करता येते. असल्या प्रश्नांपुरती ती बंद ठेवायची, इतकंच.

कागदाच्या काळात हे सगळं डोळ्यांवर निभायचं. पेपर हातात पडला की आधी बेरीज करायची, मग 'बाई, एक मार्क वाढतोय' म्हणत टेबलापाशी घोळका. बाईंच्या लाल पेनाला बरंच काही कळायचं. अक्षर गिचमिड, पण पोराला म्हणायचंय ते बरोबर आहे. जा, अर्धा घे.

फॉर्मच्या उत्तरसूचीला असला पाझर फुटत नाही. 'दुःख' हा शब्द घ्या. कुणी विसर्ग टाइप करतं, कुणी कळफलकावरचे अपूर्णविरामाचे दोन टिंब. पडद्यावर दोन्ही जवळपास सारखेच, यंत्राच्या लेखी दोन निराळे शब्द. 'दुसऱ्या'मधला तो कोयत्यासारखा र दोन वाटांनी उमटतो आणि फरक डोळ्याला दिसतच नाही. गणितात सूचीत इंग्रजी आकड्यांतले बारा असतील आणि पोराने मराठीत १२ लिहिले, की शून्य. यावर एक इलाज : सूचीत शक्य ती सगळी रूपं आधीच भरून ठेवणं. दुसरा जास्त कामाचा. चाचणीनंतर प्रतिसादांमध्ये एकेक प्रश्न उघडून पाहायचा. तिथे सारखी उत्तरं एकत्र गोळा झालेली असतात, अख्ख्या गठ्ठ्याला एकदम बरोबर ठरवता येतं. तोवर गुण जाहीर करायचे नाहीत, 'तपासणीनंतर' हाच पर्याय ठेवायचा. एकदा शून्य पाहिलेलं पोर नंतरच्या दुरुस्तीवर विश्वास ठेवत नाही.

फॉर्ममधून शीटमध्ये, म्हणजे गूगलच्या तक्त्यात, येणारे गुण सहसा शहाण्यासारखे येतात. घोळ होतो हाताने भरलेल्या तोंडी परीक्षेच्या गुणांचा. दहापैकी आठ म्हणून ८/१० टाइप केलं, की शीट त्याची आठ ऑक्टोबर करून टाकते. वर्ष २०२४ असेल, तर त्या तारखेमागे दडलेला आकडा ४५५७३, आणि सरासरी काढायला गेलं की वर्गाची हुशारी गगनाला भिडते. वीसपैकी पंधरा मात्र तारीख होऊ शकत नाहीत, विसावा महिना नाही ना! मग १५/२० हा नुसता मजकूर बनून राहतो आणि सरासरीचं सूत्र त्याला न बोलता वगळून पुढे जातं. ओळखायची खूण सोपी : आकडे उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. गुणांच्या रकान्यात कुणी डावीकडे सरकून बसलेलं दिसलं, की समजायचं. 'पैकी' रकान्याच्या मथळ्यात लिहावं, खाली नुसते गुण. गैरहजराला शून्य देऊ नये, 'गैर' लिहावं. सूत्र अक्षरं सोडून देतं, शून्य मात्र मोजून घेतं.

श्रेणीचं दुखणं वेगळंच. ३३ ते ४० ड, ४१ ते ५० क-२. एखाद्याचे टक्के भरतात ४०.५. दशांश लपवलेले असल्यामुळे शीट दाखवते ४१, पण श्रेणी ठरवते आतल्या ४०.५ वरून, म्हणून शेजारी ड. पालक विचारायला येतात, आणि त्यांचं म्हणणं बरोबरच असतं. आधी राउंडचं सूत्र लावून आकडा पूर्ण करायचा, मग श्रेणी.

खरी गंमत बेरजेत नाहीच. चार पर्यायांच्या वीस प्रश्नांवर डोळे मिटून खुणा करणाऱ्याला सरासरी पाच गुण पडतात. दोनच पडलेल्याने मात्र बहुधा विचार केलेला असतो, फक्त चुकीचा. ०.५ मोठा की ०.४५? पुष्कळ मुलं ०.४५ म्हणतात, कारण ४५ पाचाहून मोठे. प्रत्येक चुकीचा पर्याय किती जणांनी निवडला, हे काउंटइफ या मोजणीच्या सूत्राने मोजून पाहावं. चुका विखुरलेल्या असतील तर मुलं गोंधळलीत, एकाच पर्यायावर गर्दी असेल तर काहीतरी पक्कं समजलंय, भलतंच. अशा वेळी ०.४५ च्या खाली ०.५० लिहून दाखवलं तर दहा मिनिटांचं काम असतं. एकूण गुणांची यादी हे कधीच सांगत नाही.

आणि शीटमधला डावीकडचा पहिला रकाना, उत्तरं पाठवल्याच्या वेळेचा. तो कुणी वाचत नाही, बहुतेक जण लपवूनच टाकतात. २०२० साली शाळा घरात आली तेव्हा त्या रकान्यात रात्री साडेनऊनंतरच्या नोंदी दिसू लागल्या : फोन वडिलांचा, ते कामावरून परतल्यावरच मिळायचा. 'एकच प्रतिसाद' ही अट चालू असली की एका खात्यावरून थोरलीने चाचणी दिली आणि धाकट्याला दार बंद. तो शीटमध्ये आलाच नाही, म्हणजे गैरहजर. गैरहजर लिहिण्याआधी ती अट एकदा तपासावी. हजेरी क्रमांकाचा प्रश्न सक्तीचा असला, तर तिची गरजही पडत नाही.

ते 'वरीलपैकी सर्व' राहिलंच. पहिल्या क्रमांकावर आलं तरी मुलं बिनदिक्कत त्यावर खूण करतात, वर काय आहे ते बघतसुद्धा नाहीत. आणि बहुतेकदा ते बरोबर निघतं. हा पर्याय आपण घालतोच मुळी तो खरा असतो तेव्हा.