आमची वाटचाल: चाळीस घोड्यांवर चाललेलं गॅरेज

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं गॅरेज आहे. आत चार गाड्या मावतात, पाचवी आली की ती रस्त्यावर. कामाला आम्ही तिघं आणि एक शिकाऊ पोरगा. गेली काही वर्षं निम्म्याहून जास्त धंदा एकाच गाडीवर चालतो: प्रीमियर पद्मिनी, म्हणजे लोकांच्या तोंडची फियाट. त्यातही सगळ्यात जास्त काम साध्या ट्युनिंगचं. रंगकाम नाही, इंजिन बदलणं नाही. ठिणगीचा करंट तोडणारे पॉइंट, ठिणगी पाडणारे प्लग, वाल्व्हची फट म्हणजे टॅपेट, ठिणगीची वेळ म्हणजे टायमिंग, आणि हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर. एवढ्यावर गॅरेज चालतं का, असं धंद्यातलीच माणसं विचारतात. आणि गिऱ्हाईक विचारतं की एवढ्या जुन्या, एवढ्या छोट्या इंजिनावर खर्च करून हाती काय लागणार? दोन्हींचं उत्तर एकच आहे, म्हणून एकत्रच लिहितो.

गॅरेज काढलं आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. त्याआधी ते इथल्याच एका ऑइल इंजिनच्या कारखान्यात फिटर होते. तेव्हा मोटार म्हणजे दोनच, अ‍ॅम्बेसिडर नाहीतर फियाट. डॉक्टर, वकील, गुळाचे व्यापारी, साखर कारखान्याचे संचालक, सगळ्यांच्या दारात यांतलीच एक. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ११०० डिलाइट बनायची, तीच १९७४ मध्ये पद्मिनी झाली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, पण आबांना तिची झळ लगेच लागली नाही. नव्वदीत लागली. २००० च्या सुमारास पद्मिनी बनणं थांबलं, नव्या गाड्यांत कार्बोरेटर जाऊन संगणकावर चालणारं इंजेक्शन आलं, आणि आम्हीही कर्ज काढून स्कॅनर घेतला. बरीच वर्षं मारुती आणि ह्युंदाईच्या सर्व्हिसिंगवर घर चाललं. तो काळ लिहिण्यासारखा नाही. पैसे मिळायचे, इतकंच.

मग जुन्या गाड्यांचं वारं आलं. आजोबांची फियाट गोठ्याशेजारी उभी आहे, चालू करून द्या, असे फोन यायला लागले. पहिल्या फेरीत लोकांना फक्त रंग आणि सीटकव्हर हवं होतं. गाडी झळाळायची, पण पन्हाळ्याच्या वाटेवरच्या वाघबीळच्या चढाला दम खायची. त्यानंतर आली ती तरुण मंडळी, मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ बघून. त्यांना डबल कार्बोरेटर, मोकळा सायलेन्सर, हेड फेसिंग (इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, घासून घेणं), सगळं एकदम हवं होतं.

त्यांना मी अजूनही पहिल्यांदा हिशेब सांगतो. इंजिन १०८९ सीसी. ताकद कागदावर चाळीसच्या आसपास अश्वशक्ती, गाडीचं वजन नऊशे किलोच्या घरात. सायलेन्सर, एअर फिल्टर आणि मॅनिफोल्डवर भरपूर पैसे ओतून समजा दहा टक्के वाढले, तर मिळाले किती? चार घोडे. मिळणार तेही वरच्या आरपीएमला. तिथं ही गाडी कधी कुणी पळवत नाही, कारण चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. इंग्लंडात १९६१ मध्ये जॉन कूपरनं मिनीचं इंजिन ८४८ वरून ९९७ सीसीवर नेलं आणि ३४ ची ५५ अश्वशक्ती केली, तेव्हा पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही दिले होते. ही गोष्ट सांगितली की पोरं जरा गप्प होतात.

शिवाय कायदा आहे. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांपुढच्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नसेल तरच. १९७४-७५ च्या पद्मिनी आत्ता कुठे त्या वयात येतायत. चार घोड्यांसाठी ती संधी घालवायची का, हे मालकानं ठरवावं.

आता दुसरी बाजू. कारखान्यातून निघालेल्या चाळीसपैकी बरेच घोडे तुमच्या गाडीत आज कामावरच नसतात. साधं ट्युनिंग म्हणजे तेवढे परत हजेरीवर आणणं, आणि ते हमखास जमतं.

आमच्याकडे कामाचा क्रम ठरलेला आहे, तो कुणासाठीही मोडत नाही. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. चारही सिलिंडरला गेज लावून आकडे कार्डावर लिहायचे. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून परत बघायचं. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, नाही चढला तर वाल्व्ह बसत नाहीत. कॉम्प्रेशन गेलेलं असेल तर ट्युनिंग करायचंच नाही, गिऱ्हाइकाला तसं तोंडावर सांगायचं. पैसे वाया जातात आणि वर नाव आमचं खराब होतं.

कॉम्प्रेशन ठीक असेल तर थंड इंजिनावर टॅपेट. मग प्लग, मग पॉइंट. फियाटचं अर्धं दुखणं पॉइंटमध्ये असतं. ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅमवर घासणारी पॉइंटची टाच झिजत जाते, तशी गॅप मिटत जाते आणि ठिणगी उशिरा पडायला लागते. हे इतकं हळूहळू होतं की मालकाला कळतच नाही, त्याला वाटतं गाडी म्हातारी झाली. म्हणूनच पॉइंट बसवल्याशिवाय टायमिंगला हात लावायचा नाही. आधी टायमिंग मिळवून मग पॉइंट हलवले तर टायमिंग पुन्हा गेलंच. डिस्ट्रिब्युटरमधली, वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी, अ‍ॅडव्हान्सची वजनंही बघावी लागतात. वर्षानुवर्षांचं ग्रीस सुकून ती चिकटलेली असतात, मग गाडी स्लोला, म्हणजे उभ्या जागी, छान चालते आणि वेग घ्यायची वेळ आली की ओढत नाही. असली गाडी चार ठिकाणी फिरून आमच्याकडे येते, आणि तोवर तिच्यात नवा कॉइल, नवा पंप, नवा कार्बोरेटर, सगळं पडलेलं असतं.

कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. हे तरुण मेकॅनिकला पटवणं सगळ्यात अवघड, कारण गाडी आली की त्याचा हात आधी स्क्रू ड्रायव्हरकडे आणि तिथून एअर स्क्रूकडे जातो. ठिणगी वेळेवर नसताना हवा-पेट्रोलचं मिक्श्चर कशाच्या भरवशावर मिळवणार? फियाटच्या सॉलेक्स कार्बोरेटरचं आणखी एक दुखणं म्हणजे थ्रॉटलचा स्पिंडल, म्हणजे हवेची झडप फिरवणारा दांडा. तो झिजला की बाजूनं हवा आत ओढली जाते आणि स्लो कधीच एका जागी टिकत नाही. जेट साफ करून, किट टाकून काही होत नाही. तिथं आमच्या कामाला आलं ते उद्यमनगर. पलीकडच्या गल्लीतल्या लेथवर बॉडी बोअर करून गनमेटलचं बुश बसवतो आणि नवा स्पिंडल उतरवून घेतो. काम अर्ध्या दिवसाचं, पण नवा नकली कार्बोरेटर टाकण्यापेक्षा कितीतरी टिकाऊ.

हेड फेसिंगला माझा सरसकट नकार नाही. या इंजिनाचं कॉम्प्रेशन मुळातच कमी ठेवलेलं होतं, त्यामुळे हेड कशासाठी तरी उतरवलंच असेल तर ते सरळ करताना थोडं जास्त घेतलं तर चढाला फरक पडतो. पण हेड अ‍ॅल्युमिनिअमचं आहे, आधी किती वेळा फेसिंग झालंय ते मोजून बघावं लागतं, आणि रेडिएटर निम्मा बुजलेला असताना हे करणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात हेड परत उतरवणं.

काम झालं की गाडी पन्हाळ्याला नेतो. इथून वीसेक किलोमीटर, पण वाघबीळपासून चढ चांगला आहे. आदल्या दिवशी जिथं दुसरा गिअर टाकावा लागत होता, त्याच वळणावर तिसऱ्यात गाडी ओढते की नाही, हे मालकानं स्वतः चालवून बघायचं. पुढं पिठलं-भाकरी खाऊन परत. बिलावर घासाघीस बहुतेक होत नाही. पीयूसीलाही फरक कळतो: फियाटच्या काळातल्या पेट्रोल गाडीला स्लोवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत लागतो, आणि नीट मिळवलेली फियाट त्यात आरामात बसते.

अलीकडे ट्युनिंगचं काम वाढलं ते पेट्रोलमध्ये मिसळतात त्या उसाच्या इथेनॉलमुळे. आमची बरीच गिऱ्हाइकं ऊसवाली, तेव्हा इथेनॉलबद्दल बोलताना आम्हाला जपूनच बोलावं लागतं! पण गणित सरळ आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला ९. वीस टक्के मिश्रणाला हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरला डोळे नसतात, जेटचं भोक जेवढं तेवढंच पेट्रोल. मग मिक्श्चर पातळ पडतं, थंडीत गाडी उठत नाही, चढाला अडखळते, तापते. उपाय म्हणजे मोठा मेन जेट. जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, ११५ म्हणजे १.१५ मिलिमीटर. ११५ च्या जागी १२० घातला तर भोकाचं क्षेत्रफळ साधारण ९ टक्क्यांनी वाढतं, आणि शुद्ध पेट्रोलवर बेतलेल्या गाडीला साधारण तेवढंच हवं असतं. जेट ड्रिलनं मोठा करू नका. भोक वाकडं होतं आणि परत यायला वाट राहत नाही. यासोबत पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्रामही बदलून घ्यावा. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या फ्लोट बाउलमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीत, पांढरी भुकटी धरते. गाडी उभीच ठेवायची असेल तर बाउल रिकामा करून ठेवावा.

साध्या ट्युनिंगचे आम्ही पाच हजारांच्या आत घेतो, सुटे भाग वेगळे. एका गाडीत फार सुटत नाही. पण ही गाडी वर्षा-दीड वर्षानं परत येतेच, पॉइंट झिजतातच, आणि येताना मालकाच्या मित्राची फियाटही घेऊन येते. ज्यांना ही कटकट नको त्यांना आम्ही इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून देतो. पॉइंटच नसले की टायमिंग टिकतं. आमचं त्यात गिऱ्हाईक थोडं कमी होतं, पण लांबच्या गावच्या माणसाला तेच बरं. जुना डिस्ट्रिब्युटर मात्र पिशवीत घालून परत देतो, फेकू देत नाही.

खरी अडचण आता सुट्या भागांची. मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी होती तोवर माल येत राहायचा. शेवटची टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती, वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून कायमच्या हटल्या. तेव्हापासून चांगला पॉइंट सेट मिळणं म्हणजे शोधमोहीम. बाजारात नवा म्हणून जो येतो त्याची टाच इतकी मऊ असते की तीन महिन्यांत गॅप मिटते. मुंबईतल्या दोन-तीन जुन्या दुकानदारांकडचा शिल्लक माल आम्ही आगाऊ पैसे देऊन उचलून ठेवलाय.

स्पिंडलचं मात्र उलटं झालं. लेथवाला एकेक नग करायला कुरकुर करायचा, म्हणून आम्ही लॉटनेच करून घ्यायला लागलो. उरलेले सांगली, बेळगाव, सावंतवाडी आणि फोंड्याच्या गॅरेजवाल्यांनी मागून नेले. गेल्या वर्षापासून स्पिंडल-बुशचा जोड आम्ही कुरिअरनं पाठवतो, सोबत कार्डावर कामाचा क्रम छापलेला असतो, कॉम्प्रेशन पहिलं आणि कार्बोरेटर शेवटी. सध्याचा लॉट संपलाय. पुढचा दिवाळीनंतर.