काकांची लाल वही

कृष्णाकाठच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी १६ वर्षं मेडिसिन वॉर्डात सिस्टर होते. कंबर धरायला लागली तेव्हा मेट्रनबाई म्हणाल्या, "उचलाउचलीचं काम आता तुला झेपायचं नाही. एमआरडीची इन्चार्ज होतेस का?" मेडिकल रेकॉर्ड विभाग म्हणजे जिन्याखालची खोली, डिस्चार्ज झाला की मावशी फाइलींचा गठ्ठा तिथे टाकून येते, एवढीच मला त्याची ओळख. अर्धवट भरलेले चार्ट मीही कितीदा तसेच खाली पाठवलेत.

हो म्हटलं. घरी बसून करायचा एक कोर्स केला आणि मागच्या जूनमध्ये त्या खोलीत बसायला लागले. हाताखाली पाच माणसं. आजारांना ठरलेले कोड देणाऱ्या ताई, खिडकीवर दोन मुलं, स्कॅनिंगला एक मुलगी, आणि काका. काकांची नोकरी ३१ वर्षांची. कागदाला हात लावला की फाइल कोणत्या सालची ते सांगतात.

त्याच महिन्यात बारकोडचं सॉफ्टवेअर आलं. फाइल बाहेर गेली की स्कॅन, परत आली की स्कॅन. काकांकडे यासाठी लाल कापडी बांधणीची एक वही होती. त्यात फाइलचा नंबर, कुणी नेली, कशासाठी, तारीख आणि सही. पहिल्याच आठवड्यात मी ती वही बंद करायला सांगितली. एक काम दोनदा कशाला, हा माझा विचार. काका फक्त "बरं" म्हणाले.

सप्टेंबरात खिडकीशी एक बाई आल्या, सोबत धाकटे दीर. सोयाबीन भांगलताना नवऱ्याला घोणस चावली होती. आमच्याकडे दाखल केलं, किडन्या बंद पडल्या, तिसऱ्या दिवशी गेले. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना सरकारकडून २ लाख रुपये मिळतात, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची ती योजना आहे, आणि सर्पदंश त्यात बसतो. पण शवविच्छेदनाच्या अहवालात सर्पदंश आणि आमच्या चार नंबरच्या फॉर्मवर, म्हणजे डॉक्टर मृत्यूचं कारण लिहून देतात त्या दाखल्यावर, एकच ओळ, 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट', म्हणजे हृदय आणि श्वास थांबला. तालुक्याच्या ऑफिसात दोन कागद जुळेनात. तिथून सांगितलं, हॉस्पिटलच्या केसपेपरची खरी प्रत आणा.

त्या चौथ्यांदा आल्या होत्या. खिडकीवरची मुलं दर वेळी "उद्या या" म्हणत होती, कारण कॉम्प्युटरवर फाइल जागेवर दिसत होती आणि रॅकमध्ये नव्हती. रुग्णाने किंवा त्याच्या माणसाने कागद मागितले तर ७२ तासांत द्यावेत, असं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांतच आहे. इथे १२ दिवस झाले होते आणि मला पत्ताही नव्हता. मुलं मला सांगायला घाबरली होती. हे मला फाइल हरवण्यापेक्षा जास्त लागलं.

काकांनी ड्रॉवर उघडला आणि लाल वही काढली. मी बंद केलेली वही त्यांनी बंद केलीच नव्हती. १९ तारखेच्या पानावर बोट ठेवलं: डिस्चार्ज समरीच्या सहीसाठी, किडनीच्या डॉक्टरांची खोली. त्या दुपारी लाइट गेली होती, स्कॅन झालं नव्हतं. फाइल डॉक्टरांच्या सोफ्यावर, मासिकांच्या ढिगाखाली मिळाली. कॅज्युअल्टीच्या पहिल्याच नोंदीत स्पष्ट लिहिलेलं होतं: उजव्या घोट्यावर दोन दात, वेळ सकाळी साडेनऊ. संध्याकाळपर्यंत सही-शिक्क्याची प्रत बाईंच्या हातात दिली. त्यांनी ती पदराखाली धरली, बाहेर पाऊस होता.

त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी काकांची सगळ्यांसमोर माफी मागितली आणि वही टेबलावर ठेवली.

मग ताईंनी मला त्यांच्या कामातली एक गोष्ट दाखवली. आजार नोंदवायला आम्ही जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-१० ही वर्गवारी वापरतो. सापाचं विष म्हणजे टी ६३.०, इजा कशामुळे झाली, म्हणजे विषारी सापामुळे, त्याला वेगळा कोड, एक्स २०. पण डॉक्टरांनी नुसतं हृदय थांबलं लिहिलं तर कोड पडतो आय ४६.९, आणि तो माणूस सर्पदंशाच्या मोजणीतून जातो. वर्षाअखेरीला सर्पविषाची लस किती मागवायची ते खरेदी विभाग आमच्या आकड्यांवरून ठरवतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारी ती लस. ताई म्हणाल्या, "मॅडम, एवढी वर्षं मी हे बघतेय. विचारलं कुणी नाही." गेली ९ वर्षं त्या खोलीत बसून होत्या, आणि हे ज्ञान वर जायला जिनाच नव्हता.

आतापर्यंत अपुऱ्या फाइली घेऊन खिडकीवरचा मुलगा ओपीडीच्या दाराशी उभा राहायचा. २३ वर्षांचा मुलगा मोठ्या सर्जनला "सर, सही राहिलीय" म्हणणार आणि खेकसणं ऐकून परत येणार. वॉर्डात मी नव्या मुलीला कधी एकटीला डॉक्टरांपुढे ढकललं नव्हतं. इथे कशी ढकलत होते? आता फाइली घेऊन मी जाते. ऑपरेशन थिएटरच्या शेजारी डॉक्टर चहा घेतात, तिथे एक ट्रे ठेवलाय. सकाळी सव्वाआठला मी तिथे असते. पहिले पंधरा दिवस कुरकुर झाली. एकदा एका डॉक्टरांना मी नाव झाकलेला तो चार नंबरचा फॉर्म दाखवला आणि त्या बाईंच्या फेऱ्या सांगितल्या. ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "खरंय, हृदय तर शेवटी प्रत्येकाचंच थांबतं." मग स्वतःच पेन काढून बाजूच्या कागदावर लिहिलं: पहिल्या ओळीत किडनी निकामी, तिच्याखाली घोणसचा दंश. असंच लिहायचं असतं, मूळ कारण सगळ्यात खाली.

खिडकीचा नियमही बदलला. "उद्या या" म्हणायचं नाही. फाइल मिळाली नाही तर समोरच्याचा फोन नंबर घ्यायचा आणि मला त्याच दिवशी सांगायचं. पहिल्यांदा सांगायला आलेल्या मुलाचे हात थरथरत होते. मी त्याला बसवलं, चहा मागवला आणि दोघांनी मिळून रॅक शोधला. फाइल शेवटच्या दोन आकड्यांवर लावतो आम्ही, ६८ ची ८६ मध्ये गेली होती.

काका पुढच्या मे महिन्यात निवृत्त होताहेत. रोज तीन ते चार ते त्या मुलाला घेऊन रॅकमधून फिरतात. लाल वहीतलं अक्षर आता दोघांचं आहे.

येत्या गुरुवारी नव्या इंटर्न डॉक्टरांना चार नंबरचा फॉर्म समजावून द्यायचाय. ताई बोलणार आहेत. काकांनाही म्हटलं, या. "मी काय सांगणार डॉक्टर लोकांना?" म्हणाले. काल विचारत होते, प्रोजेक्टरवर वहीचं पान मोठं दिसेल का.