१.२८ की १.५५? तापमानवाढीचा आकडा वाचताना

२०२४ साली पृथ्वी किती तापलेली होती? नासाचा आकडा १.२८ अंश सेल्सिअस, जागतिक हवामान संघटनेचा १.५५. दोन्ही बरोबर. नासा १९५१-८० च्या सरासरीपासून मोजते, संघटना १८५०-१९०० पासून. नासाचाच आकडा या जुन्या पायावर नेला तर सुमारे १.४७ येतो. संघटना तापमान-नोंदींच्या सहा मालिका एकत्र करते आणि ±०.१३ ची अनिश्चितताही सांगते. बातमीत नेमकी तीच गळते. अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेचा आकडा १.२९, पण पाया विसाव्या शतकाची सरासरी. तेव्हा १.२८ आणि १.२९ शेजारी ठेवून ‘जुळले की!’ म्हणू नका.

दोन मालिका एकाच आलेखावर हव्या असतील तर दोघींत पूर्ण असलेली तीस वर्षं निवडा, उदाहरणार्थ १९९१-२०२०. प्रत्येक मालिकेची त्या काळातली स्वतःची सरासरी काढून वजा करा. मासिक आकडे असतील तर जानेवारीतून जानेवारीचीच सरासरी वजा करायची.

थेट तापमानाऐवजी सरासरीपासूनचा फरक का घेतात? डोंगरावरचं हवामान केंद्र आणि पायथ्याचं केंद्र यांच्या तापमानात बरंच अंतर असतं, पण नेहमीपेक्षा गरम महिना बहुधा दोघांनाही गरमच जातो. थेट तापमानांची सरासरी घेतली आणि डोंगरावरचं केंद्र बंद पडलं, तर काहीही न तापता सरासरी वर जाते.

पुढची चूक वजनाची. अक्षांश-रेखांशाच्या चौकटींची साधी सरासरी घेऊ नका. ६० अंश अक्षांशावरची चौकट विषुववृत्तावरच्या चौकटीच्या निम्मीच असते. प्रत्येक चौकटीला अक्षांशाच्या कोसाइनचं वजन द्या. नाहीतर आर्क्टिकला भलतंच महत्त्व मिळतं, आणि तो भाग जगापेक्षा वेगाने तापत असल्याने वाढ फुगते.

खरी गुंतागुंत समुद्रात आहे. पूर्वी जहाजावरून बादली सोडून पाणी वर घेत. कॅनव्हासच्या बादलीत बाष्पीभवनाने पाणी थंड होई. पुढे इंजिनाला थंड करायला आत घेतलेल्या पाण्याचं तापमान नोंदवू लागले. ते किंचित जास्त येतं. आता तापमान मोजणारे तरंगते बोये आहेत, त्यांची नोंद जहाजांपेक्षा साधारण ०.१ अंश कमी. हे फरक दुरुस्त केल्यावर जुना समुद्र जरा उबदार ठरतो आणि एकूण दीर्घकालीन वाढ कच्च्या आकड्यांपेक्षा *कमी* होते. ‘आकडे फुगवले’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा कच्च्या नोंदींवर ताडून पाहावं.

कल, म्हणजे वाढीचा वेग, काढताना सुरुवातीचं वर्ष सांभाळा. १९९८ मध्ये जोरदार एल निनो होता, म्हणजे प्रशांत महासागर तापल्याने ते वर्ष जगभर जास्तच गरम गेलं. तिथून सुरू केलेली दहा-पंधरा वर्षांची रेषा सपाटीकडे झुकते. १९९२ पासून धरली तर उलटं, कारण १९९१ च्या पिनातुबो ज्वालामुखीच्या उद्रेकाने १९९२ हे वर्ष गार झालं होतं. १९७० च्या दशकापासून आजवर घ्या, दशकाला सुमारे ०.२ अंश मिळतील. लगतचे महिने एकमेकांशी बांधलेले असल्याने साध्या रेषीय सूत्रातून येणारी कलाची अनिश्चितता खोटी लहान दिसते. वार्षिक सरासरी घेतली की हा दोष बराच कमी होतो, पूर्ण जात नाही.