काटा फक्त घाटात चढतो तेव्हा

गाडी इंदूरच्या गर्दीत गुमान चालते आणि इंदूर-खंडवा रस्त्यावरच्या भेरूघाटात तापते, अशी तक्रार घेऊन गॅरेजात गेलं की पहिला हात पंख्याला लागतो. माझ्या गाडीच्या (२०११ची, १.२ लिटर पेट्रोल) पंख्याचा रिले (विजेचा स्विच) असाच बदलून झाला. पण दोष पंख्याचा असता तर ती शहरातल्या रीगलच्या सिग्नलवर तापली असती आणि मोकळ्या रस्त्यावर वारा लागताच निवली असती. इथं सगळं उलटं होतं. बडवाह सोडून सिमरोलकडे घाटाचा चढ लागला की दहा मिनिटांत तापमानाचा काटा लाल पट्टीपाशी. म्हणजे पंखा निर्दोष सुटला. संशय पाण्याच्या फिरण्यावर.

डॅशबोर्डच्या काट्यावर फार विसंबू नये. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो; हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. मी ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) लावून मोबाइलवर खरे आकडे पाहिले. घाटात ११२ अंश, तिथं गाडी थांबवली. पण शोधाची दिशा दिली ती दुसऱ्या आकड्यानं: थंडीच्या सकाळी सपाट रस्त्यावर तापमान ७० च्या वर जाईना. जे इंजिन चढावर तापतं तेच सपाटीवर गारठतं, तेव्हा थर्मोस्टॅट (पाणी तापलं की त्याची वाट उघडणारी झडप) उघडून बघायलाच हवा.

त्याआधी हेड गॅस्केटची (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधल्या सीलची) शंका निकालात काढली, कारण ते गेलं असेल तर बाकीचा खर्च पाण्यात. रेडिएटरच्या (पाणी गार करणाऱ्या जाळीच्या) तोंडाला टेस्टरची नळी बसवून त्यातल्या निळ्या द्रवातून तिथली हवा खेचायची. पेट्रोल इंजिनाचा जळका वायू पाण्यात शिरत असेल तर द्रव पिवळा पडतो. माझा निळाच राहिला. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय नव्हती, वॉटर पंपाच्या खालच्या भोकातून गळती नव्हती.

रेडिएटरचं झाकण मात्र बाद होतं, रबर कडक झालेलं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, इथं उघडं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. १.१ बारचं झाकण दाब धरून तीच मर्यादा १२० च्या आसपास नेतं. दाब सुटला की चढावर पाणी उकळून जादा पाण्याच्या बाटलीत फेकलं जातं. याच दाबामुळे तापल्या गाडीचं झाकण कधीही उघडायचं नाही; आतलं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं.

मग थर्मोस्टॅटचं घर उघडलं. दहा नंबरचे दोन बोल्ट, आणि आत काहीच नाही! 'आपल्याकडे गरमी, थर्मोस्टॅट कशाला' म्हणून कुणीतरी आधीच काढून टाकला होता. ही समजूत आपल्याकडे मुरलेली आहे आणि अशा इंजिनांत ती नेमकी उलटी पडते. या थर्मोस्टॅटला दोन चकत्या असतात. गरम झाल्यावर वरची रेडिएटरची वाट उघडते आणि खालची बायपासची वाट बंद करते. तो काढला की बायपास कायमचा उघडा. पाण्याचा एक भाग रेडिएटरला न शिवताच परत इंजिनात. सपाटीवर हे खपून जातं, घाटात नाही. शिवाय इंजिन थंड राहिल्यानं संगणक पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज पडतं.

नवा, ८२ अंशांना उघडणारा घेतला आणि बसवण्याआधी तपासला. चकतीच्या फटीत दोरा अडकवून पातेल्यातल्या पाण्यात लोंबता ठेवायचा, सोबत थर्मामीटर. दोरा सुटला ८१ वर, पूर्ण उघडला ९४ ला. बसवताना त्याची छोटी हलती पिन वरच्या बाजूला हवी, तिथूनच हवा निघते. बोल्ट बेतानं आवळायचे, ॲल्युमिनियमचं घर तडकतं.

एवढ्यावर थांबलो असतो तर काम अर्धंच राहिलं असतं. वर्षानुवर्षं बोरिंगचं पाणी ओतल्यामुळे रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसला होता. इन्फ्रारेड गननं (दुरून तापमान मोजणाऱ्या यंत्रानं) जाळीवर ओळीनं मोजलं तर खालचा एक तृतीयांश भाग बाकीच्यापेक्षा २० अंशांनी थंड, म्हणजे तिथून पाणी जातच नव्हतं. (चकचकीत ॲल्युमिनियमवर गन चुकीचं दाखवते, काळी टेप चिकटवून तिच्यावर मोजावं.) ॲसिडनं साफ करून देणारे भेटतात, पण पातळ ॲल्युमिनियमची नळी त्यात खाल्ली जाते. मी रेडिएटर बदलला. जुना काढल्यावर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत धूळ-किड्यांची गादीच निघाली. ती इंजिनाच्या बाजूनं मंद पाण्यानं धुतली. प्रेशरच्या फवाऱ्यानं पात्या दुमडतात.

आता भरणं. आधी इंजिनाचा ब्लॉक साध्या पाण्यानं धुऊन शेवटचं खंगाळणं डिस्टिल्ड पाण्यानं. माझ्या गाडीत एकूण साडेचार लिटर बसतं: सव्वादोन लिटर कूलंट (पाण्यात मिसळायचा रासायनिक द्रव), तेवढंच डिस्टिल्ड पाणी. निव्वळ कूलंट भरू नये, ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. गाडीचं तोंड चढाकडे, हीटर पूर्ण गरमवर, झाकण इंजिन थंड असतानाच उघडलेलं. वरची नळी दाबत सावकाश भरत गेलो. बुडबुडे थांबल्यावर झाकण लावलं आणि पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवलं. हीटरमधून गार हवा आली तर आत अजून हवा अडकलेली आहे असं समजावं. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना आणखी ३०० मिलि मावलं.

मे महिन्यात भरल्या गाडीनं, एसी चालू ठेवून तोच घाट चढलो. सर्वांत वरचा आकडा १०१. थर्मोस्टॅट काम करतोय का हे आता हातालाच कळतं: सकाळी इंजिन सुरू केल्यावर वरची नळी बराच वेळ गार राहते आणि मग एकदम तापते.