एकाच लॉटचे दोन ट्रे

परवा एका कॅंटीनमध्ये आमच्या ज्वारी घातलेल्या पावाचं जे झालं ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय. तुर्भे एमआयडीसीतल्या एका बेकरीत मी प्रॉडक्शन बघतो. मुख्य माल लादी पाव, वडापावच्या गाड्यांपासून कंपन्यांच्या कॅंटीनपर्यंत सगळीकडे जातो.

2022 चा मार्च इतका तापला की उत्तरेकडे गव्हाचा दाणा नीट भरलाच नाही, मे महिन्यात सरकारने निर्यात बंद केली, आणि आपला सगळा धंदा एकाच धान्यावर उभा आहे याची मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. म्हणून पावात थोडी ज्वारी घालायचं मनात आलं. सोलापूरकडची रब्बी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते. शिवाय 100 ग्रॅम ज्वारीत फायबर साधारण 10 ग्रॅम, मैद्यात पावणेतीनच्या आसपास. जो माणूस दिवसाला सहा-आठ पाव खातो त्याच्या पोटात हे जायला हवं, मॉलमधल्या महागड्या पाकिटात नको. कॅरॅमल कलरने काळा केलेला मैदा मल्टीग्रेन म्हणून खपवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

पण ज्वारीत ग्लुटेन नाही, यीस्टचा गॅस धरायला काही नसतं, पाव बसतो आणि दुसऱ्या दिवशी भुगा होतो. बाजरी घेऊन बघितली, पण तिच्यात तेल जास्त, पीठ लवकर खवट होतं, गोडाऊनमध्ये ठेवायची सोय नाही. शेवटी भाकरीवाल्या बायकांचीच पद्धत घेतली. ज्वारीच्या पिठावर उकळतं पाणी ओतून उकड काढायची, झाकून पूर्ण गार करायची, गरम राहिली तर यीस्ट मेलं, मग मैद्यात मळायची. चार भाग पिठात एक भाग ज्वारी. उकड पाणी धरून ठेवते त्यामुळे पाव मऊ राहतो. पीठ हाताला चिकटतं म्हणून कारीगर कुरकुरत होते, पण भट्टीतून आलेली लादी बोटाने दाबल्यावर हळूहळू परत वर आली तेव्हा त्यांनीच दुसरा घाणा लावला.

परवा महापेच्या एका कॅंटीनला तो पाव दिला, मिसळीसोबत. तिथे दोन काउंटर. मॅनेजरने उत्साहाने एका काउंटरवर रंगीत बोर्ड लावला, 'हेल्दी मिलेट पाव', साहेबांना फोटो पाठवायचा होता. दुसऱ्या काउंटरवर काहीच नाही. माल एकाच लॉटचा. बोर्डवाला ट्रे जवळजवळ भरलेला परत आला, लोक बघायचे, 'हा शुगरवाल्यांचा असेल' म्हणून पलीकडच्या लाइनीत जायचे, आणि तिकडे तोच पाव संपून पुन्हा मागवावा लागला. लोडिंगचा एक मुलगा मला म्हणाला, दादा, आज चार पावातच पोट भरलं, काय घातलंय? ज्वारी म्हटलं. तो म्हणाला, बरं आहे की, आणि ताट ठेवून गेला.

मॅनेजर म्हणतो, सांगायचंच नाही कुणाला. मला ते अजिबात पटत नाही, आपण काय खातोय ते माणसाला कळायलाच हवं. मी म्हटलंय, रोजच्या मेन्यूच्या फळ्यावर मिसळीखाली साधं लिहा, पाव, मैदा आणि ज्वारीचा, भाव नेहमीचाच. आता भाव तोच ठेवायचा तर ज्वारी आम्हाला मैद्यापेक्षा महाग पडते, आणि तो फरक बेकरीने सोसायचा की कंपनीने, यावर मालकांशी बोलणं अजून व्हायचंय.