चटणीचा हंगाम आणि कोरियातील किमजांग

कोल्हापूरच्या जेवणाची कीर्ती तांबड्या-पांढऱ्या रश्श्याने दूरवर नेली; परंतु तांबडा रस्सा, मिसळीचा कट आणि घरची रोजची आमटी या तिन्हींचा आधार असलेली कांदा-लसूण चटणी वर्षभरासाठी करून ठेवण्याची आमच्याकडची रीत मला त्या रश्श्याहून मोलाची वाटते.

उन्हाळा तापू लागला की रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी किंवा लवंगी मिरची घरात येते. ती गच्चीवर वाळवायची, देठ काढायचे, मग खोबरे, धणे, तीळ, खसखस, दगडफूल, दालचिनी, लवंगा हे सारे वेगवेगळे भाजायचे किंवा तेलात तळायचे आणि डंकावर कांडून आणायचे, असे हे काम आहे. कांदा, लसूण, आले, कोथिंबीर व मीठ घालून चटणी पुन्हा कांडली जाते आणि हिंगाचे खडे घालून बरणीत भरली जाते. देठ काढायला शेजारणी येतात, आणि पुण्या-मुंबईला दिलेल्या लेकींचे डबे घरच्या बरणीआधी भरले जातात.

कोरियातील किमजांगविषयी वाचताना मला हेच घर दिसले. तेथे हिवाळ्याच्या तोंडावर कुटुंबे आणि शेजारी एकत्र जमून किमची, म्हणजे भाज्यांचे आंबवलेले लोणचे, घालतात. चिनी कोबी मिठात मुरवून धुतात, पानापानांत मिरचीपूड, लसूण, आले, मुळा आणि खारवलेली कोळंबी किंवा मासळी यांचे वाटण भरतात. पूर्वी ती मातीच्या रांजणांत भरून रांजण जमिनीत पुरत असत. त्या दिवशी ताज्या किमचीबरोबर उकडलेले डुकराचे मांस खाण्याची पद्धत आहे. मिरची मूळची अमेरिका खंडातील. भारतात ती पोर्तुगिजांनी आणली आणि कोरियातही ती बाहेरूनच गेली. त्याआधीची किमची मिरचीविनाच होत असे.

युनेस्कोने 2013 मध्ये दक्षिण कोरियाच्या या परंपरेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, तेव्हा एकत्र जमून किमची करणे आणि ती वाटून घेणे यांचा गौरव केला. मला हा विचार फार योग्य वाटतो. आपण मात्र रश्श्याचे कौतुक करतो आणि चटणीचे श्रम घरातील बायकांचे म्हणून गृहीत धरतो.

कोरियात आता पुष्कळ घरे मिठात मुरवलेला कोबी विकत आणतात आणि वाटण तेवढे घरी करतात. आपल्याकडेही देठ काढलेली मिरची मिळते. नोकरी करणाऱ्या बाईने ती आणली तर त्यात काहीच वावगे नाही. भाजणी मात्र घरीच व्हावी, आणि तिला घरातील पुरुषांनीही बसावे, असे मला मनापासून वाटते. कारण खोबरे जरा अधिक करपले तरी सारी चटणी कडवट होते, खसखस धण्यांच्या कितीतरी आधी तडतडते, आणि आच नेमकी कधी कमी करायची हे शेगडीपाशी बसल्यावाचून कळत नाही.