पुठ्ठ्याचे अमूर्त उठावचित्र : तिसरीच्या वर्गातील प्रगती

तिसरीच्या मुलांबरोबर चाललेले पुठ्ठ्याचे अमूर्त उठावचित्र, म्हणजे ओळखीची वस्तू न दाखवता सपाट आधारावर उठावदार आकार रचून केलेले चित्र, आता तुकड्यांच्या जुळणीपर्यंत आले आहे. रंग मी अजून बाहेर काढलेले नाहीत आणि हा उशीर हेतुपुरस्सर आहे. रंग हाती आले की लाल त्रिकोणाचे छप्पर होते आणि निळ्या पट्टीची नदी. याउलट सगळाच पुठ्ठा तपकिरी असला की मुलांचे लक्ष कडा, सावल्या आणि पोत यांकडे वळते.

सर्वाधिक वेळ पन्हळी (आत नागमोडी कागद असलेला) पुठ्ठा सोलण्यात गेला. वरच्या कागदावरून ओला स्पंज फिरवून तो थोडा मुरू दिला, की कागद सुटतो आणि आतल्या पन्हळी उघड्या पडतात. मात्र हे थर सहसा स्टार्चच्या खळीने चिकटवलेले असल्याने पाणी जास्त झाले तर पन्हळीच सपाट होतात. पूर्ण सोललेल्या तुकड्यांपेक्षा फाटक्या कडांचे, अर्धवट सोललेले तुकडे मला अधिक बोलके वाटतात. पन्हळी उभ्या धरल्या तर पुठ्ठा नळीसारखा गोल वळतो आणि आडव्या धरल्या तर मोडतो, हे मुलांनी स्वतःच हाताळून शोधले, आणि त्यानंतर वळणदार आकारांची संख्या एकदम वाढली.

जाड खोकी मी कटरने आधीच कापून ठेवतो. टूथपेस्टच्या खोक्यांचा पातळ पुठ्ठा मुलांच्या कात्रीला झेपतो. खाचा पन्हळी पुठ्ठ्याच्या जाडीइतक्याच, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर रुंद ठेवल्या, तर तुकडे गोंदाशिवाय एकमेकांत घट्ट बसतात. चिकटपट्टी मात्र आधीच काढून टाकावी, कारण तिच्यावर पाण्यातला रंग धरत नाही.

पिकासोने १९१२ साली पुठ्ठा आणि दोरी वापरून केलेल्या गिटारचे छायाचित्र दाखवले, तेव्हा मुले त्यात वाद्यच शोधत बसली. अमेरिकन शिल्पकार लुईझ नेव्हल्सन (१८९९–१९८८) यांच्या, लाकडाचे टाकाऊ तुकडे खोक्यांत रचून एकाच रंगात रंगवलेल्या भिंती त्यांना लगेच भावल्या. म्हणून आपलेही उठावचित्र एकाच रंगात न्यायचे ठरले आहे; काळा की पांढरा, यावर वर्गात अजून एकमत नाही. माझा कल पांढऱ्याकडे आहे, कारण पन्हळींच्या सावल्या त्यावर अधिक उठून दिसतात.

एका बाजूने रंगवलेला पुठ्ठा वाळताना वाकतो, त्यामुळे आधाराच्या पुठ्ठ्याच्या फळ्यांना मागूनही रंगाचा एक हात देऊन त्या वजनाखाली वाळवणार आहे.